प्रसूतिसमयींची इजा आणि न्यायाचे मार्ग

घरांत बाळंतपण व्हावयाचें म्हणजे एकत्र कुटुंबांत चार-सहा महिने आधींपासून तयारी चालते. डिंक, अळीव, खारीक यांची यादी होते. जुनीं मऊ लुगडीं काढून दुपटीं शिवलीं जातात. पत्रिकेसाठीं जन्मवेळ नीट टिपून ठेवा, असें आजोबा दहा वेळां बजावतात. एवढी तयारी करणाऱ्या घरानें एका गोष्टीचा विचार मात्र कधींच केलेला नसतो. सूतिकागृहांतून मूल इजा होऊन बाहेर आलें, आणि ती इजा कोणाच्या तरी हयगयीनें झाली असा संशय आला, तर पुढें काय करावयाचें, हें घरांतील वडीलधाऱ्यांसहि ठाऊक नसतें. विषय अशुभ खरा. परंतु अशुभाचें नांव न घेतल्यानें तें टळतें, असा आमचा अनुभव नाहीं. म्हणून आज या अप्रिय विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांतील एका दुपारीं आमचा एक जुना विद्यार्थी सपत्नीक घरीं आला. वर्गांत संस्कृतांत पहिला येणारा हा मुलगा आतां बँकेंत चांगल्या जागेवर आहे. पत्नीच्या कडेवर सतरा महिन्यांचा मुलगा होता. मुलाची मान अद्याप धरत नव्हती, मुठी आंत वळलेल्या होत्या, आणि उचलून घेतांच दोन्ही पाय ताठ होऊन एकमेकांवर चढत होते. नमस्कार करून बसतांच तो म्हणाला, "गुरुजी, त्या डॉक्टरांना शिक्षा झाल्यावांचून मी स्वस्थ बसणार नाहीं." त्याची पत्नी एक अक्षर बोलली नाहीं. पुढें स्वयंपाकघरांत आमच्या कुटुंबानें तिला बोलतें केलें, तेव्हां कळलें कीं, सासरच्या वडील बायकांच्या मतें सर्व दोष तिचाच आहे. सातव्या महिन्यांत ग्रहण लागलें असतां तिनें हातांत विळी धरली होती म्हणे! पतीचा राग डॉक्टरांवर, घराचा राग सुनेवर. आणि हें मूल उद्यां कसें वाढावयाचें, याचा विचार कोणाच्याच बोलण्यांत नव्हता.

आम्हीं त्याला एकच प्रश्न विचारला : "अरे, कागद कोठें आहेत?" त्याच्यापाशीं डिस्चार्ज कार्ड आणि बिलाची पावती, एवढेच दोन कागद होते. सतरा महिने रागांत गेले होते, आणि कायद्यानें दिलेल्या मुदतीचे सातच महिने उरले होते. त्यानंतर आम्ही स्वतः एका वकील स्नेह्याकडे बसून कायदा समजून घेतला, कांहीं निवाडे वाचले, दोन डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्याचें सार येथें देत आहों. हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊं शकत नाहीं. पण वकिलाकडे जाण्यापूर्वीं काय जाणून असावें, तें यांत सांपडेल.

प्राचीनांची दृष्टि

वैद्याच्या चुकीबद्दल दंड ही कल्पना पाश्चात्यांकडून आली, असा एक समज आहे. तो बरोबर नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत चुकीचे उपचार करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला आहे : रोगी पशु असेल तर कनिष्ठ, मनुष्य असेल तर मध्यम. याज्ञवल्क्यांनींहि तसेंच म्हटलें असून राजपुरुषाच्या बाबतींत सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. कौटिल्याची दृष्टि याहून सूक्ष्म आहे. ज्या उपचारांत प्राणाचा धोका आहे ते आधीं कळविल्यावांचून वैद्यानें हातीं घेऊं नयेत, असें तो म्हणतो. आणि मर्मस्थानाला इजा होऊन शरीरांत वैगुण्य आलें तर तो प्रकार मारहाणीच्या गुन्ह्यांत धरावा, असें सांगतो. सुश्रुतानेंहि मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या बाळंतपणाच्या, चिकित्सेपूर्वीं अधिपतीची अनुज्ञा घेण्यास वैद्याला सांगितलें आहे. आज शस्त्रक्रियेपूर्वीं संमतिपत्रावर सही घेतात, तिचें मूळ तत्त्व याहून फारसें वेगळें नाहीं.

परंतु एक भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. दंड म्हटला कीं तो राजाकडे जावयाचा. ज्या मुलाचें अंग कायमचें लुळें झालें, त्याच्या हातीं त्यांतून काय पडलें? आजच्या कायद्याचें खरें वैशिष्ट्य येथें आहे. शिक्षेचा मार्ग त्यानें ठेवला आहेच. पण त्याच्या शेजारीं भरपाईचा स्वतंत्र मार्ग काढला आहे. इजा झालेल्या मुलाच्या घरानें या दोहोंतून निवड करतांना, राग कोणत्या मार्गानें शमेल हें न पाहतां मुलाचें आयुष्य कोणत्या मार्गानें चालेल हें पाहावें. आमच्या लेखाचें तात्पर्य एवढेंच आहे.

इजा आणि हयगय एक नव्हेत

पहिली गोष्ट, प्रत्येक इजेमागें हयगय असतेच असें नाहीं. १८६१ सालीं विल्यम लिटल या इंग्रज शल्यवैद्यानें लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या मंडळापुढें एक निबंध वाचला, आणि कठीण प्रसूति, श्वास कोंडणें व अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा संबंध मुलांच्या ताठलेल्या अवयवांशीं जोडून दाखविला. या विकाराला पुढें कित्येक वर्षें 'लिटलचा रोग' म्हणत; आज त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मानसशास्त्रामुळें सर्वांस माहीत असलेल्या सिग्मुंड फ्रॉइडनें १८९७ सालीं याच विषयावर मोठा ग्रंथ लिहून उलट शंका काढली : कित्येक मुलांचा मेंदु गर्भांतच दुखावलेला असतो, आणि प्रसूति अवघड होणें हें त्याचें कारण नसून परिणाम असूं शकेल. आजचें वैद्यकशास्त्र या बाबतींत फ्रॉइडच्या बाजूस पुष्कळ झुकलें आहे. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकीं थोड्यांच्याच बाबतींत प्रसूतीच्या वेळचा प्राणवायूचा अभाव हें मुख्य कारण ठरतें. बाकीच्यांत अपुरे दिवस, गर्भावस्थेंतील जंतुसंसर्ग, मेंदूच्या रचनेंतील मूळ दोष अशीं अन्य कारणें असतात. ग्रहण आणि विळी हें कारण मात्र कोणत्याहि शास्त्रांत नाहीं, हें घरांतील वडील बायकांना आम्ही हात जोडून सांगूं इच्छितों.

दुसरा प्रकार हाताच्या इजेचा. डोकें बाहेर आल्यावर बाळाचा खांदा अडकला, तर मानेजवळचे मज्जातंतु ताणले जातात व हात लुळा पडतो. पुष्कळ मुलांचा हात कांहीं महिन्यांत सुधारतो. कांहींचा सुधारत नाहीं, त्यांना वेळेवर शल्यचिकित्सकाकडे न्यावें लागतें. येथेंहि ओढण्यांत चूक झाली, कीं संकट टाळतां येण्यासारखें नव्हतें, हें कागद पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

मग हयगय म्हणजे काय? याचें उत्तर आमच्या महाराष्ट्रांतीलच एका खटल्यानें दिलें आहे. १९५३ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें एका तरुणाचें मांडीचें हाड मोडलें. त्याला पुण्यास आणलें, आणि तेथील उपचारांत तो दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनीं दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नांवानें तो १९६८ चा निवाडा वकीलवर्गांत प्रसिद्ध आहे. त्यांत डॉक्टरांचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत : रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना काळजी, कोणता उपचार करावा हें ठरवितांना काळजी, आणि तो उपचार करतांना काळजी. अत्युच्च कौशल्य कायदा मागत नाहीं. त्या शाखेंतील साधारण जाणता डॉक्टर जेवढी दक्षता घेईल तेवढी मागतो. निदान चुकलें म्हणजे हयगय झाली असें नव्हे; पण पाहावयाचें तें पाहिलेंच नाहीं, बोलवावयाचें त्यास बोलाविलेंच नाहीं, ही हयगय होय.

प्रथम कागद

म्हणून संशय येतांच पहिलें काम कागद मिळविण्याचें. डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीं २००२ सालच्या नियमांप्रमाणें, आंत ठेवून घेतलेल्या रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जपणें बंधनकारक आहे, आणि रोग्यानें किंवा त्याच्या अधिकृत माणसानें मागितल्यास ते ७२ तासांच्या आंत द्यावयाचे आहेत. मागणी लेखी करावी, तारीख घालावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. बोलण्यांत कठोर शब्द नसावा. कागद मागणें हा आरोप नव्हे. तो रोग्याचा अधिकार आहे.

काय मागावें, तें सांगतों. गरोदरपणांतील तपासण्या व सोनोग्राफीचे अहवाल, दाखल झाल्याची वेळ, कळा सुरू झाल्यापासून केलेला नोंदींचा तक्ता, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी, आणि यंत्रावर आलेख काढला असल्यास त्याची प्रत, कोणतें औषध केव्हां दिलें, शस्त्रक्रिया ठरल्याची वेळ आणि प्रत्यक्ष झाल्याची वेळ, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला असल्यास त्याची नोंद, संमतिपत्र, परिचारिकांच्या नोंदी. बाळाच्या बाजूनें अपगार गुण मागावे. बाळाचा रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा जोर आणि श्वास या पांच गोष्टींवर पहिल्या व पांचव्या मिनिटाला दहांपैकीं हे गुण देतात. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं ही पद्धति १९५३ सालीं प्रसिद्ध केली. नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असल्यास तो अहवाल, बाळ काचेच्या पेटींत किंवा अतिदक्षता विभागांत असतांनाचे कागद, आणि मेंदूचा एम.आर.आय. हींहि हवींत. श्वास प्रसूतीच्या वेळींच कोंडला कीं कसें, हें तज्ज्ञ मुख्यतः या नोंदींवरून ठरवितात.

याबरोबरच आईनें स्वतःची हकीकत, आठवण ताजी असतांना, क्रमवार लिहून काढावी : कळा केव्हां सुरू झाल्या, कोण येऊन पाहून गेलें, काय बोललें. संमतिपत्रावर सही केली म्हणून तक्रारीचा हक्क गेला, अशी भीति कित्येकांस असते. ती निराधार आहे. सही उपचाराला असते, हयगयीला नसते.

कागद हातीं आल्यावर ते एखाद्या अलिप्त स्त्रीरोगतज्ज्ञास व बालरोगतज्ज्ञास दाखवावे. प्रत्येक प्रकरणांत तज्ज्ञाचें मत पाहिजेच असें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं म्हटलें आहे. पण प्रसूतीच्या इजेसारख्या गुंतागुंतीच्या विषयांत त्यावांचून पाऊल टाकणें शहाणपणाचें नव्हे. आणि तज्ज्ञानें 'यांत कोणाचा दोष दिसत नाहीं' असें सांगितलें, तर तेंहि ऐकण्याची मनाची तयारी ठेवावी.

चार मार्ग

पहिला मार्ग ग्राहक आयोगाचा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते. ज्या रुग्णालयांत कांहीं रोगी पैसे भरतात व कांहींस फुकट उपचार मिळतात, तेथील फुकट रोगीहि ग्राहकच होत. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारीं रुग्णालयें मात्र या कायद्याबाहेर राहतात. सध्यां २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. त्याप्रमाणें भरलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची. येथें भरपाईची मागणी मोजीत नाहींत, रुग्णालयास दिलेले पैसे मोजतात, हें विसरूं नये. त्यामुळें बाळंतपणाचीं बहुतेक सर्व प्रकरणें जिल्ह्याच्या ठिकाणींच दाखल होतात. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कहि नाहीं. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. मुदत दोन वर्षांची. उशिराचें सबळ कारण दाखविल्यास आयोग ती शिथिल करूं शकतो, पण त्या भरंवशावर राहूं नये. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करतां येतें.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. मोफत सरकारी रुग्णालयांतील प्रकरणांस हाच मुख्य आहे. अज्ञान मुलाच्या वतीनें पालक वादमित्र म्हणून दावा लावतो. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यांत अज्ञानास सज्ञान झाल्यावरहि दावा लावण्याची सवलत आहे. पण अठरा वर्षांनंतर कागद कोठून आणावयाचे? तोंवर रुग्णालयाची जपणुकीची मुदतहि केव्हांच सरलेली असते. शिवाय या मार्गांत मागणीच्या रकमेप्रमाणें न्यायालयाचें शुल्क पडतें.

तिसरा मार्ग वैद्यक परिषदेचा. महाराष्ट्रांत नोंदलेल्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करतां येते. चौकशीअंतीं परिषद ताकीद देते किंवा कांहीं काळ वा कायमचें नांव नोंदवहींतून काढते. भरपाई देण्याचा अधिकार मात्र तिला नाहीं.

चौथा मार्ग फौजदारीचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. हयगयीनें मृत्यु घडल्यास कलम १०६ लागतें, आणि नोंदणीकृत डॉक्टराला त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मूल जिवंत असून गंभीर इजा झाली असेल तर कलम १२५ चा विचार होतो. त्यापूर्वींच्या घटनांना जुनी दंडसंहिताच लागते. परंतु जेकब मॅथ्यू खटल्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, डॉक्टराला गुन्हेगार ठरविण्यास साधी हयगय पुरत नाहीं, ती ढळढळीत असली पाहिजे. खासगी फिर्याद दुसऱ्या जाणत्या डॉक्टराच्या मतावांचून घेतां येणार नाहीं. आणि पोलिसांनींहि आधीं अलिप्त, शक्यतों सरकारी, डॉक्टराचें मत घ्यावें. याचें कारण उघड आहे. प्रत्येक अवघड बाळंतपणानंतर बेडीची भीति असेल, तर अवघड बाळंतपणास हात घालण्यास कोणी धजणार नाहीं, आणि त्याचें फळ आपल्याच लेकीसुनांना भोगावें लागेल.

पांचवा एक मार्ग पुष्कळदां रस्त्यावर दिसतो : रुग्णालयाच्या कांचा फोडणें व डॉक्टरांवर हात टाकणें. महाराष्ट्रांत २०१० च्या कायद्याप्रमाणें हा अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय नासधुशीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. न्याय्य तक्रार असलेल्या कुटुंबानें हातानें आपली बाजू घालवूं नये.

तीन निवाड्यांचा धडा

१९६३ च्या जुलैंत औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलांत एका स्त्रीची प्रसूति झाली आणि तीन दिवसांनीं कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटांत कापडाचा बोळा राहून गेला. पुन्हां पोट उघडून तो काढला, पण ती वांचली नाहीं. दिवाणी न्यायालयानें ३६,००० रुपये देवविले. उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, म्हणजे तेहतीस वर्षांनीं, अच्युतराव खोडवा यांच्या अपिलांत तो पुन्हां कायम केला. पोटांत कापड राहणें हीच हयगयीची साक्ष, आणि आपल्या नोकरांच्या हयगयीची जबाबदारी राज्यावरहि येते, असें त्यांत ठरलें. जन्मलेलें मूल तेव्हां तेहतीस वर्षांचें झालें असेल!

दुसरा निवाडा मद्रासेकडील. १९९६ च्या ऑगस्टांत एग्मोरच्या सरकारी रुग्णालयांत एक मुलगी अपुऱ्या दिवसांची, सवाकिलो वजनाची जन्मली. अशा मुलांच्या नेत्रपटलास विकार होण्याचा धोका असतो, आणि वेळेवर तपासून उपचार केल्यास दृष्टि वांचूं शकते. तिची तपासणी झाली नाहीं, आईबापांस कोणी सांगितलें नाहीं, आणि मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगानें ५ लाख दिले होते. व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तामिळनाडु राज्य या खटल्यांत १ जुलै २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मागील खर्चासाठीं ४२,८७,९२१ रुपये आणि पुढील उपचारांसाठीं १,३८,००,००० रुपये देवविले; पुढच्या खर्चाचा हिशेब करतांना वाढती महागाईहि धरली.

तिसरा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा, १९९८ चा. यांतील मूल प्रसूतींत नव्हे, तर पुढें तापानें आजारी असतां चुकीच्या इंजेक्शनानें मेंदूला कायमची इजा होऊन निश्चेष्ट झालें. मुलाला १२.५ लाख, आणि आईबापांच्या मनस्तापाबद्दल त्यांना वेगळे ५ लाख, हा राष्ट्रीय आयोगाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें कायम केला. मूल आणि आईबाप दोघेहि ग्राहक ठरले.

या तिन्हींतून दोन गोष्टी निघतात. एक, विलंब फार लागतो. तेव्हां निकालाच्या पैशांवर मुलाचे उपचार अवलंबून ठेवूं नयेत. दोन, भरपाई पुराव्याप्रमाणें मिळते. म्हणून मुलासाठीं होणारा प्रत्येक खर्च, व्यायामाची फी, रिक्षाभाडें, औषधें, आईनें सोडलेली नोकरी, यांची वही घरांत पहिल्या दिवसापासून ठेवावी. एकत्र कुटुंबांत हें काम सेवानिवृत्त आजोबांनीं अंगावर घ्यावें. त्याहून मोलाची नातवाची सेवा आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

आजचें काम आज

दावा चालला असतां मूल थांबत नाहीं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदु सर्वांत अधिक शिकाऊ असतो. व्यायाम, वाचाउपचार, दृष्टि व श्रवण यांची तपासणी हीं तेव्हांच सुरू झालीं पाहिजेत. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं जिल्ह्याच्या ठिकाणीं यासाठीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रें आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हां मुलाचें दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र काढून घ्यावें. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेंत अशा मुलांस वार्षिक एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. वकिलाची फी झेपत नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें : १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें व दिव्यांग यांना मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे, आणि त्यांच्या बाबतींत उत्पन्नाची अट नाहीं. प्रमाणपत्र घेण्यांत कमीपणा वाटून कित्येक सुशिक्षित घरें मुलाचा हक्क बुडवितात. लाज धरण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें तें सांगून संपवितों. त्यानें लेखी अर्ज केला, तेव्हां तिसऱ्या दिवशीं सर्व कागद मिळाले. अलिप्त डॉक्टरांनीं ते दोनदां वाचले. रात्रीं दोन ते चार या वेळांत बाळाच्या ठोक्यांची एकहि नोंद नव्हती. चार वाजतां ठोके फार मंद झाल्याची नोंद होती. आणि शस्त्रक्रिया पावणेसहाला झाली होती. ते म्हणाले, "दोष सिद्ध झाला असें मी म्हणत नाहीं. पण या दोन तासांचें उत्तर मागण्याचा तुम्हांला अधिकार आहे." मुदत संपण्यास एक महिना असतां जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल झाली. फौजदारीचा विचार त्यानें आपण होऊन सोडला.

प्रतिज्ञापत्र मुलाच्या आईचें आहे. वकिलांनीं तिला दिवसभराचा क्रम लिहून आणावयास सांगितलें होतें : पहांटे किती वाजतां उठते, एक वाटी पेज भरवावयास किती वेळ लागतो, पायांचे व्यायाम दिवसांतून किती वेळां करते. तिनें लिहिलेलीं चार पानें घरांत मोठ्यानें वाचलीं गेलीं. ऐकतां ऐकतां मोठ्या सासूबाईंनीं पदर डोळ्यांस लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा व्यायाम त्यांनीं आपल्याकडे घेतला. ग्रहणाचें नांव त्या घरांत पुन्हां निघालें नाहीं. निकाल अजून लागावयाचा आहे, आणि तो कसा लागेल हें आम्हीं कशास सांगावें? परंतु परवां तो विद्यार्थी आला, तेव्हां शिक्षेचा शब्द त्याच्या तोंडीं नव्हता. "गुरुजी, उशीचा टेकू दिला तर आतां तो थोडा वेळ बसतो," असें तो सांगत होता.